अळिंबीची लागवड आणि सागरी शैवाल

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी हे गाव समुद्रापासून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. अशा गावी अळिंबी पिकवू पाहणाऱ्याने काडात सागरी शैवाल मिसळावे काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु इतिहास पाहिला असता या दोहोंचा संबंध जुना असल्याचे दिसून येते. मात्र तो खताचा नसून प्रयोगशाळेचा आहे.

पॅरिसच्या परिसरात घोड्याच्या लिदीवर अळिंबी पिकवीत. तूर्नफोर यांनी 1707 साली या पद्धतीचे वर्णन केले. जुन्या वाफ्यातील तंतुजालयुक्त लीद हेच बियाणे असे. साहजिकच तिच्याबरोबर कीड व रोगही येत. 1894 साली पाश्चर संस्थेत कोस्तांतँ व मात्रुशो यांनी शुद्ध बियाणे सिद्ध केले, आणि ही परंपरा खंडित होऊ लागली. तत्पूर्वी, 1881-82 च्या सुमारास, फॅनी हेसे यांच्या सूचनेवरून कॉख यांच्या प्रयोगशाळेत आगरचा वापर सुरू झाला होता. तांबड्या सागरी शैवालांपासून निघणारा, आपल्याकडे चायना ग्रास म्हणून परिचित असलेला हा पदार्थ जिलेटिनाप्रमाणे उन्हाळ्यात वितळत नाही. 1932 साली सिंडेन यांनी धान्यावरील बियाण्याचे एकस्व मिळविले. अशा बियाण्याची मूळ संवर्धनेही सामान्यतः आगरावरच राखली जातात.

दुसऱ्या महायुद्धात जपानी आगरची आयात थांबली, तेव्हा भारतीय शैवालांपासून आगर काढण्याचे प्रयत्न झाले. त्याच काळात, 1943 साली, कोइमतूर येथील भातपेंढ्यावरील अळिंबीच्या लागवडीचा वृत्तांत प्रसिद्ध झाला.

पूरक अन्नाचा इतिहास निराळा आहे. 1962 साली सिंडेन व शिस्लर यांनी कंपोस्टाला पूरक द्रव्ये देण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांचा भर प्रथिने व स्निग्ध द्रव्ये यांवर होता. शैवालात पोटॅश व इतर क्षार विपुल असतात, परंतु सरकीच्या पेंडीच्या मानाने नत्र सामान्यतः कमी असते. आयर्लंडच्या किनाऱ्यावर शैवाल शेतात घालीत. तेथे त्यातील मीठ पावसाने धुऊन जाई. धिंगरीच्या बंद पिशवीत ते तसेच राहते व तंतूंची वाढ रोखू शकते.

तेव्हा मराठवाड्यातील उत्पादकाने शैवालाच्या वाहतुकीवर पैसा खर्च करण्यापूर्वी गावच्या सरकीच्या पेंडीचाच विचार करावा. तीही बेतानेच वापरणे इष्ट. नत्र वाढले की पिशवी तापते व हिरवी बुरशी बळावते. शैवालाचे स्थान परीक्षानळीत आहे, आणि तेथून ते देवगाव रंगारीपर्यंत बियाण्याच्या रूपाने पोहोचू शकते.