तळटीप : 'बाई'

१. बाई : मूळ मजकुरात हा शब्द जिथे आला तिथे तसाच ठेवला आहे; त्यामुळे प्रत्येक वेळी बोलणारा कोणत्या मुलखातला आहे, हे वाचकाने ध्यानात घ्यावे. मराठीत 'बाई' म्हणजे स्त्री. शाळेत तीच शिक्षिका होते, आणि नावाला जोडल्यावर आदरार्थी प्रत्यय: महेश्वराहून राज्य करणाऱ्या अहिल्याबाई (१७६७–१७९५), १८४८मध्ये पुण्यात मुलींना शिकवू लागलेल्या सावित्रीबाई. राजस्थानात 'बाई' म्हणजे बहीण किंवा लेक. नणंदेला 'बाईसा' म्हणतात. छत्तीसगढीत ती बायको. उत्तर हिंदुस्थानात 'बाईजी' म्हणजे मैफलीत गाणारी गणिका. मुंबईच्या आजच्या बोलीत घरकामाला येणाऱ्या स्त्रीलाही 'बाई' म्हणतात.

झाशीच्या लक्ष्मीबाई (मृत्यू १८५८) उत्तरेत राहिल्या, तरी त्यांच्या नावातली 'बाई' तांबे आणि नेवाळकर या मराठी घराण्यांतून आलेली आहे. तिला 'बाईजी'चा अर्थ चिकटवणे हा त्या नावावर अन्याय होईल. या पुस्तकातील मराठी स्त्रियांच्या नावांबाबतही मराठीतला आदरार्थी अर्थच धरावा. — संपादक