बऱ्हाणपूरच्या कुंड्या आणि आपल्या विहिरी

बऱ्हाणपूर म्हटलं की शाळेच्या पुस्तकातली एकच ओळ आठवते, १६३१ साली मुमताजमहल तिथे वारली. मी वर्षानुवर्षं मुलांना तेवढंच शिकवलं, कारण पुस्तकात तेवढंच होतं. पण त्या गावाची खरी मोठी गोष्ट जमिनीखाली आहे. आम्ही रावेरकडची माणसं, बऱ्हाणपूर आमचं शेजारचं गाव, म्हणून ती इथे लिहून ठेवतो.

१६०१ मध्ये असीरगड पडला आणि बऱ्हाणपूर मोगलांचं दक्षिणेतलं मुख्य ठाणं झालं. फौज आली, बाजार वाढला, पाणी पुरेना. तापी उशाशी होती, पण शत्रूने नदीचं पाणी नासवलं तर काय, ही धास्ती होती असं सांगतात. तेव्हाचा सुभेदार अब्दुल रहीम खानखाना, म्हणजे दोहे लिहिणारा आपला रहीम. त्याच्या काळात, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने पाण्याची योजना आखली.

त्याने शहराकडे न बघता सातपुड्याकडे बघितलं. डोंगरावरून ओढे खाली येतात तेव्हा पायथ्याशी दगडगोटे, वाळू टाकतात. त्या भरड थरात पाणी झपाट्याने मुरतं आणि जमिनीखालून हळूहळू तापीकडे सरकतं. भूजलवाले या पट्ट्याला 'बजाडा' म्हणतात. आमच्या तालुक्यातल्या एका नदीचं नावच सुकी आहे, त्यातच सगळं आलं!

हे सरकणारं पाणी त्याने वाटेत अडवलं. पायथ्याकडून शहराकडे किंचित उताराचा बोगदा खणला आणि त्यावर थोड्या थोड्या अंतराने विहिरीसारख्या कुंड्या काढल्या. खणताना माती वर काढायला, आत हवा खेळायला आणि पुढे साफसफाईला त्या उपयोगी. कुंडी भंडाऱ्याच्या अशा शंभरावर कुंड्या आहेत. लोक त्याला खूनी भंडारा म्हणतात. मोट नाही, पंप नाही, पाणी आपल्या उताराने शहरात येई. इराणात या पद्धतीला कनात म्हणतात. बऱ्हाणपुरात अशा आठ योजना झाल्या. काही बुजल्या, पण कुंडी भंडाऱ्यात चारशे वर्षांनंतरही पाणी आहे. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत त्याचं नाव गेलं.

मला यात सर्वात मोलाची वाटते ती कनातीची मर्यादा. बोगदा ज्या पातळीवर आहे, तिच्या वर जेवढं पाणी असेल तेवढंच मिळतं. पाऊस कमी मुरला तर धार बारीक होते आणि शहराला आपोआप समजतं, यंदा जपून. बोअरला ही शिस्त नाही. पाणी खाली गेलं की आपण आणखी खोल जातो, आणि डोंगराने दिलेली सूचना ऐकूच येत नाही.

हाच बजाडा पुढे रावेर, यावल, चोपड्यापर्यंत पसरला आहे आणि आपली केळी त्याच्याच जिवावर उभी आहे. माझ्या वडिलांच्या काळात आमच्या मळ्यात मोट चालायची. आता त्याच विहिरीत पावसाळा संपल्यावर थोडेच दिवस पाणी दिसतं आणि भिस्त सगळी बोअरवर. पुतण्यांनो, यात तुमचा दोष नाही, केळीला पाणी लागतंच. पण पुढची बोअर घेण्याआधी ओढ्यावरचा बांध दुरुस्त करायला चार जण गोळा करा, एवढं म्हातारपणाच्या अधिकाराने सांगतो.

मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तापीच्या महाकाय पुनर्भरण योजनेचा करार केला. पुराचं पाणी याच पायथ्याच्या पट्ट्यात मुरवायचं, अशी कल्पना आहे. ती होईल तेव्हा होवो. पण पाणी मुरवण्याची जागा डोंगराच्या पायथ्याशी असते आणि पिणारं शहर दूर असतं, हे चारशे वर्षांपूर्वी ओळखलेलं सूत्र आहे. शहराने ती लांबची जमीन आपलीच मानली, तिथली झाडं आणि ओढे सांभाळले, तर नळाला पाणी. नाहीतर कुंड्या राहतील, पण बघण्यापुरत्या.