रोड आणि स्ट्रीट

सोलापुरात सात रस्त्यावर उभं राहिलं की रिक्षावाल्यांच्या तोंडी ‘होटगी रोड’, ‘विजापूर रोड’ ऐकू येतं. ‘विजापूर स्ट्रीट’ कुणी म्हणत नाही, आणि ते इंग्रजीला धरूनच आहे. रोड पुढच्या गावाला नेतो, स्ट्रीट गावातच राहते, दोन्ही अंगांना घरं-दुकानं घेऊन. पुण्याच्या कॅम्पातला महात्मा गांधी रोड पूर्वी मेन स्ट्रीट होता. शेजारची ईस्ट स्ट्रीट लोकांच्या तोंडी अजून ईस्ट स्ट्रीटच आहे.

दोन्ही शब्दांची कुळं वेगळी. ‘रोड’ हा ‘राइड’चा सख्खा भाऊ. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वाट नव्हताच. घोड्यावरून जाणं, चाल करून जाणं असा होता. वाट हा अर्थ सोळाव्या शतकाच्या अखेरीस रुळला. त्याच शब्दाचं स्कॉटिश रूप म्हणजे ‘रेड’, म्हणजे छापा. आपल्या ‘स्वारी’तही घोडदौड आणि चढाई अशाच एकत्र नांदतात, हे मला फार विलक्षण वाटतं.

‘स्ट्रीट’ लॅटिन ‘स्ट्राटा’वरून आली : दगड पसरून केलेली फरसबंद वाट. तिचा धातू संस्कृत ‘स्तृ’चा, म्हणजे पसरण्याचा, सगोत्र. त्यातूनच विस्तार, आस्तरण आणि आपलं अंथरूण. चादरींच्या सोलापुरात ‘अंथरणं’ स्ट्रीटचं नातलग निघावं, याचा आनंद वाटतो.

आणि ‘रस्ता’? तो फारसी, ‘रास्त’ म्हणजे सरळ, यावरून आलेला. रास्त भाव दुकानातला ‘रास्त’ तोच.