फेल्ड कम्प्लीटली!

शाळेत असताना मी इंग्रजीसाठी बर्डीवरच्या एका क्लासला जायचो. सरांचा नियम पक्का: 'टु' आणि क्रियापद यांच्या मध्ये क्रियाविशेषण घुसवायचं नाही. 'टु क्विकली रन' लिहिलं की लाल रेघ! का, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

पुढे नोकरीत एकदा थोडा जुना डेटा डिलीट व्हायचा राहिला. क्लायंटला कळवायचं होतं, 'वी फेल्ड टु कम्प्लीटली डिलीट इट'. पण सरांना स्मरून लिहिलं, 'वी फेल्ड कम्प्लीटली टु डिलीट इट'. म्हणजे काहीच डिलीट झालं नाही! रात्रभर फोन...

मग शोधाशोध केली. इंग्रज मंडळी चौदाव्या शतकातसुद्धा 'टु' फोडत होती, वायक्लिफच्या लिखाणातही ते सापडतं. १८६४ च्या पुस्तकात कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांनी त्यावर नाक मुरडलं आणि असली मतं हळूहळू शाळेचा नियम होऊन बसली. सीताबर्डीची लढाई १८१७ ची. म्हणजे टेकडीवर इंग्रज आधी आले, त्यांचा हा नियम मागाहून! १९२६ मध्ये फाउलरने तर सांगूनच टाकलं होतं, की अर्थाचा घोळ होण्यापेक्षा 'टु' फोडलेला बरा.

मराठीत हा तंटाच नाही. 'पुसायला' हा अख्खा एक शब्द, त्याच्या पोटात 'पूर्णपणे' कोंबणार कसं? ते आपलं क्रियापदाला खेटून बसतं, 'पूर्णपणे पुसायला'. आम्हा पोरांना लाल रेघेची वाक्यं आपसूक सुचायची ती म्हणूनच असावीत.

असो. क्लायंटला दुसरा मेल गेला, 'टु' आणि 'डिलीट'च्या बरोब्बर मध्ये 'कम्प्लीटली' बसवून.