परसातला मोती आणि 1832 ची मुंबई



आमचा मोती रात्री परसात भुंकतो. परवा शेजारच्या वहिनी चिडून म्हणाल्या, "गाडी बोलावून उचलून नेते त्याला!" मला 1832 ची मुंबई आठवली. कंपनी सरकारने मोकाट कुत्रे मारण्यावर बक्षीस लावले होते. मी कॉमर्सची, नगावर पैसे ठरले की नग वाढतातच. शिपाई घरांत शिरून पाळलेली कुत्रीही मारू लागले. जूनमध्ये पारशी खवळले, हिंदू आणि आपले जैनही सामील झाले, दुकाने बंद पडली. 1834 मध्ये जमशेटजी जिजीभाई आणि जैन शेठांच्या साथीने मुंबईत पांजरपोळ उभे राहिले.

पण वहिनींची झोप मोडणे हीसुद्धा हिंसाच ना? आता मोती रात्री घरात निजतो.