बुळकांड्या व लम्पी : करवीर प्रांतांतील कागद वाचण्याची एक कसोटी

जुन्या कागदांत ‘गुरांत सांथ पडली’ एवढा उल्लेख सांपडला कीं, ती बुळकांड्याचीच मानण्याची वहिवाट संशोधकांत आहे. ती सोडावी, असें आमचें मत आहे.

बुळकांड्याचा वृत्तांत सुदैवानें बराच उपलब्ध आहे. हॅलन ह्यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या मंडळाचा अहवाल १८७१ त निघाला. १८८९ त पुण्यास प्रयोगशाळा स्थापन झाली. ती १८९३ त मुक्तेश्वरास नेली. तेथें १८९७ त कॉख स्वतः येऊन गेले. रोगाचें बीज गाळणींतूनहि निसटणारें आहे, हें १९०२ त सिद्ध झालें. १९२७ त एडवर्ड्स ह्यांनीं तें शेळ्यांत वाढवून सौम्य केलें व लस सिद्ध केली. १९५४ त देशव्यापी मोहीम सुरू झाली आणि २०११ त जग ह्या रोगापासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. वांचलेलें जनावर पुन्हां आजारी पडत नाहीं व रोगहि बाळगीत नाहीं. म्हणूनच हें साधलें.

लम्पीचा प्रकार निराळा. तो प्रथम १९२९ त उत्तर ऱ्होडेशियांत नोंदला गेला. हिंदुस्थानांत २०१९ त ओडिशांत आढळला. २०२२ त महाराष्ट्रांत तो पसरला, तेव्हां २००९ च्या कायद्यान्वयें सारें राज्य नियंत्रित क्षेत्र ठरून गुरांच्या ने-आणीस बंधनें आलीं. त्यांतून कोल्हापूर जिल्हा सुटला नाहीं. माशा, डांस व गोचीड हे वाहक असल्यानें केवळ बाजार बंद ठेवून भागत नाहीं. गोठाहि स्वच्छ राखावा लागतो. लस शेळ्यांच्या देवीची वापरली. येथेंहि शेळीच कामास आली, परंतु निराळ्या कारणानें : दोन्ही रोगांचीं बीजें एकाच कुळींचीं आहेत.

ह्यावरून कसोटी अशी : नांव न पाहतां लक्षणें पाहावीं. तोंडांत व्रण, दुर्गंधी हगवण व अल्पावधींत पुष्कळ मृत्यु, तर बुळकांड्या संभवतो. लाळ व लंगडणें असून मोठीं गुरें बहुधा वांचलीं, तर लाळ्या-खुरकूत. पावसाळ्यांत गळा सुजून म्हशी विशेष मेल्या, तर घटसर्प. अंगावर गांठींचा उल्लेख १९२९ पूर्वींच्या कागदांत असला, तरी त्यास लम्पी म्हणूं नये. तसा पुरावा नाहीं.

१ मार्च १९४९ रोजीं संस्थान विलीन झालें, त्यापूर्वींचीं दप्तरें आपण जपतों. २०२२ चे बाजारबंदीचे हुकूम, लसीकरणाचे दाखले व ग्रामपंचायतींच्या नोंदी मात्र रद्दींत जाण्याचा संभव आहे. संग्राहकांनीं त्या आजच मिळवाव्या. नाहीं तर पुढील संशोधकहि ‘गुरांत सांथ पडली’ एवढेंच वाचील.