जन्ताघरातील धूर आणि बारवीकाठची चूल

बदलापूरहून मुरबाडकडे जाणारा रस्ता बारवी धरणाच्या कडेने जातो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ साली बांधलेल्या या धरणाचे पाणी अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर येथील कारखान्यांना व घरांना मिळते. ज्या डोंगरउतारांवरून हे पाणी धरणात उतरते, त्याच उतारांवरच्या ठाकूर-कातकरी वाड्यांमध्ये आजही लाकडाची चूल पेटते. पावसाळा जवळ आला की आगोटीची बेगमी सुरू होते आणि डोक्यावर मोळी घेतलेल्या स्त्रिया याच रस्त्याने चालताना दिसतात. खाली पाइपातून पाणी व नळीतून गॅस. वर डोक्यावरून सरपण आणि डोळ्यांत धूर. एकाच परिसरातील हे अंतर किती मोठे आहे, याचा विचार आम्हांस इतिहासाकडे घेऊन गेला.

राजांच्या लढायांचा इतिहास लिहिला गेला. चुलीचा लिहिला गेला नाही. कारण चूल फुंकणारी स्त्री होती आणि सरपण वाहणारा बहुधा गावकुसाबाहेरचा होता. वतनदारीच्या काळात पाटलाच्या व सरकारी अंमलदाराच्या दारी लाकूडफाटा टाकणे हे महारांच्या वेठीच्या कामांपैकी एक होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली. ज्यांच्या पूर्वजांनी दुसऱ्याच्या चुलीसाठी मोळ्या वाहिल्या, त्यांनी अग्नीच्या इतिहासाबद्दल उदासीन राहावे, हे आम्हांस योग्य वाटत नाही.

विनयातील अग्नी

आश्चर्य वाटेल, परंतु धूर कसा घालवावा, जाळ कोठे असावा व किती असावा, याची अत्यंत व्यवहारी चर्चा पालि विनयपिटकात सापडते. चुल्लवग्गात जन्ताघराचे, म्हणजे घाम काढून स्नान करण्याच्या उष्णगृहाचे प्रकरण आहे. वैशाली येथे पौष्टिक भोजनामुळे भिक्खूंना विकार जडू लागले, तेव्हा वैद्य जीवक कोमारभच्च यांनी चंक्रमणाची व जन्ताघराची अनुज्ञा मागितली आणि भगवंतांनी ती दिली. जन्ताघर हे स्वयंपाकघर नव्हे. परंतु बंदिस्त जागेत लाकूड जाळण्याचे प्रश्न दोहोंकडे तेच.

प्रश्न एकेक करून उभे राहिले व एकेक करून सुटले. आत धूर कोंडतो; म्हणून धूमनेत्त, म्हणजे धूर बाहेर जाण्याची वाट करावी. जन्ताघर लहान असेल तर अग्निस्थान एका बाजूस, मोठे असेल तर मध्यभागी असावे. जाळाने चेहरा होरपळतो. म्हणून तोंडास माती लावावी. नुसत्या गवताच्या छपरामुळे उष्णता टिकत नाही व घाम येत नाही; म्हणून ते आच्छादून आतून-बाहेरून लिंपावे. जमिनीवर चिखल होतो. म्हणून विटा, दगड वा लाकूड बसवावे आणि पाण्यास निचरा द्यावा. यात कोठेही मंत्र नाही, अग्निदेवतेची आराधना नाही. अडचण पाहावी, तिचे कारण शोधावे आणि उपाय करावा, एवढीच पद्धत आहे.

याच चुल्लवग्गात, वत्ताच्या प्रकरणात, एक घटना नोंदलेली आहे. स्थविरांनी अडविल्यामुळे रागावलेल्या छब्बग्गिय भिक्खूंनी जन्ताघरात पुष्कळ लाकडे रचून पेटविली, दार लावून घेतले आणि स्वतः दाराशी बसले. आतील स्थविर उष्णतेने हैराण झाले, बाहेर पडता न आल्याने मूर्च्छित पडले. त्यावर नियम झाला की, अनादराने पुष्कळ लाकूड रचून अग्नी पेटवू नये आणि दार बंद करून दाराशी बसू नये. जो प्रथम जन्ताघरात जाईल त्याने साचलेली राख बाहेर टाकावी व जागा झाडावी, असेही कर्तव्य सांगितले आहे. पाचित्तिय नियमांत निरोगी भिक्खूने केवळ शेकण्यासाठी अग्नी पेटवू नये असे म्हटले आहे. पोकळ ओंडका पेटविल्यावर त्यातून काळा साप बाहेर पडल्याची घटना या नियमामागे आहे. मात्र आजारपण, दिवा व जन्ताघर यांस त्यात सूट आहे. श्रीलंकेत अरंकेले येथील वनविहारात जन्ताघराचे अवशेष आजही पाहावयास मिळतात.

मज्झिमनिकायातील अस्सलायन सुत्तात तर अग्नीच जातिभेदाविरुद्ध साक्ष देतो. उच्च कुळातील माणसाने साल वा चंदनाच्या लाकडाने अग्नी पेटविला आणि चांडाळ कुळातील माणसाने कुत्र्याच्या वा डुकराच्या डोणीचे, धोब्याच्या डोणीचे किंवा एरंडाचे लाकूड घेऊन पेटविला, तर ज्वाला, वर्ण व तेज केवळ पहिल्याच अग्नीस असेल काय, असा प्रश्न भगवंतांनी केला. दोन्ही अग्नी अग्नीचेच कार्य करतात, हे तरुण ब्राह्मण अस्सलायनास मान्य करावे लागले. अग्गिवच्छगोत्त सुत्तात सांगितले आहे की, अग्नी जळतो तो इंधनाच्या आश्रयाने. इंधन संपले की विझतो. पालीत ‘उपादान’ या शब्दाचा एक अर्थ इंधन असाच आहे. अग्नी प्रत्ययांवर अवलंबून आहे, कोणाच्या कृपेवर नव्हे. चुलीचे सारे शास्त्र याच वाक्यात आहे.

चुलीचे प्रत्यय

हे प्रत्यय तीन : कोरडे लाकूड, पुरेशी हवा आणि टिकलेली उष्णता. नुकत्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. अशा एक किलो लाकडातील अर्धा किलो पाण्याची वाफ होण्यातच सुमारे ३०० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. त्याहून मोठी हानी अशी की, वाफेने जाळ थंड पडतो, लाकडातून निघालेले वायू जळत नाहीत व धूर होऊन निघून जातात. धूर म्हणजे न जळलेले सरपण होय. म्हणून लाकूड फोडून, हवा खेळेल अशी रास रचून, पावसाआधी सहा महिने तरी वाळवावे आणि वळचणीखाली कोरडे ठेवावे. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्यास खणखणीत आवाज आला तर लाकूड वाळले असे समजावे. आवाज बद्द आला तर अजून ओल आहे.

पेटविताना आधी राख काढावी. खाली काटक्या व वाळक्या ढलप्या मोकळ्या रचाव्यात. गच्च भरू नयेत. जाळ धरल्यावर अंगठ्यापासून मनगटापर्यंतच्या जाडीची लाकडे दोन-तीनच लावावीत आणि टोक जळत जाईल तसतशी पुढे सारावीत. चुलीचे तोंड लाकडांनी बुजविले की हवा अडते. छब्बग्गियांची चूक तीच. लाकडांखाली जाळी किंवा दोन विटांचा आधार दिल्यास हवा खालून येते आणि फुंकणी वारंवार उचलावी लागत नाही. भांडे जाळाच्या टोकाशी बसावे, निखाऱ्यांत रुतू नये. त्यावर झाकण असावे. मागच्या वैलावर पाणी ठेवले तर वाया जाणारी आच कामी येते. स्वयंपाक झाल्यावर उरलेली लाकडे ओढून विझवावीत. निखारे दुसऱ्या पेटवणीस उपयोगी पडतात. मात्र बंद खोलीत धगधगते निखारे किंवा शेगडी ठेवून कधीही निजू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेतच जीव घेतो.

आपल्याकडील तांब्याचा बंब हा याच तत्त्वाचा उत्तम नमुना आहे. खाली जाळी, मधून नळी आणि नळीभोवती पाणी. नळीमुळे ओढ निर्माण होऊन हवा खालून खेचली जाते व वर जाणारी उष्णता पाणी शोषून घेते. तीन दगडांच्या उघड्या चुलीत लाकडाच्या उष्णतेपैकी साधारण १० ते १५ टक्केच भांड्यास मिळते, हे लक्षात घेतले म्हणजे बंबाचे महत्त्व कळते. आंघोळीचे पाणी तापविण्यासाठी पुरुषांच्या घरात ही नळी आली. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या डोक्यावर मात्र ती फार उशिरा आली.

निर्धूर चुलीची वाटचाल

वर्ध्याच्या मगनवाडीत, १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या परिसरात धुराडे असलेली ‘मगन चूल’ तयार झाली. १९५३ मध्ये हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी निर्धूर स्वयंपाकघरांविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली. १९८३ साली केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो २००२ पर्यंत चालला आणि तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या. परंतु त्यांतील पुष्कळ चुली लवकरच निकामी झाल्या. उद्दिष्टे पूर्ण करण्याची घाई झाली. चूल भांड्याच्या मापाची आहे काय, धुराड्यातील काजळी कोण काढणार, भाकरी फुगते काय, हे स्वयंपाक करणारीस विचारले गेले नाही. विनयात अडचण ज्यास झाली त्याचे ऐकून नियम झाला. येथे उपाय आधी ठरला आणि अडचण नंतर कळली.

१ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेने कोट्यवधी घरांत गॅसची जोडणी पोहोचविली. तरीही सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च न झेपल्याने अनेक घरांत गॅसशेजारी चूल पेटतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातील धुराच्या प्रदूषणाने जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. हमरस्त्यांवरील ढाबे ‘चुलीवरचे जेवण’ अशी पाटी लावतात आणि शहरी मनुष्य त्या चवीसाठी जादा पैसे मोजतो. त्या चवीची किंमत ज्या फुप्फुसांनी मोजली, त्यांचे नाव पाटीवर नसते.

आम्ही चुलीचे गोडवे गात नाही. ज्या घरी स्वच्छ इंधन परवडेल तेथे चूल विझावी, हेच इष्ट. परंतु जेथे ती उद्याही पेटणार आहे, तेथे वाळलेले लाकूड, खालून हवा आणि डोक्यावर धूमनेत्त एवढे तरी असलेच पाहिजे. विहारांतून वर्षावासात ग्रंथवाचन होते. त्या निमित्ताने जन्ताघराचे प्रकरण वाचावे आणि मग वस्तीतील एका चुलीपाशी जाऊन, ती पेटविणाऱ्या माउलीस आधी विचारावे की अडचण कोठे आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी धूर कोंडतो ही तक्रार ऐकण्याइतकी महत्त्वाची मानली गेली होती. बारवीच्या काठी ती आजही कोणीतरी ऐकून घेण्याची वाट पाहत आहे.